२५,१९९ रुपये गेले, माहिती मात्र फुकट होती

नोकरी गेली, पाठोपाठ झोप गेली. डॉक्टरांनी कागदावर ‘अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर’ (एखाद्या ताणाच्या घटनेनंतर सुरू होणारा मानसिक त्रास) लिहिलं आणि पुढच्या वेळी बोलू म्हणाले. एवढं वाचल्यावर माणूस मोबाइलवर शोधणारच ना? सगळ्यात वर एका ‘माइंड एक्स्पर्ट’ची जाहिरात. चाचणी मोफत, रिपोर्ट ४९९ रुपये. मग ‘ब्रेन स्कॅन’सकट कोर्स १८,५००, वर ‘दुसरा टप्पा’ ६,२००. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. त्याचा फोन बंद.

माझा खरा संताप वेगळाच आहे. त्या चाचणीत ढीगभर प्रश्न होते, पण ‘नेमकं काय घडलं आणि कधी?’ हे एकदाही विचारलं नाही! अहो, या आजाराचं निदान त्या घटनेशिवाय होतच नाही. नोकरी, घटस्फोट, आजारपण, असं काहीतरी घडतं आणि साधारण महिन्याभरात (अमेरिकी निकषांत तीन महिने) त्रास सुरू होतो. ताण संपला की सहसा सहा महिन्यांत ओसरतो. आणि हा गृहस्थ सांगत होता, “जन्मभराचं दुखणं आहे, मुळापासून उपटावं लागेल.” तिथेच फोन आपटायला हवा होता. पण रात्र रात्र जागणाऱ्याला कुणी ठाम आवाजात बोललं की तो ऐकतो. तुम्हीही ऐकलं असतं.

हा आजार दाखवणारा स्कॅन किंवा रक्ततपासणी नाहीच. विकणारा चोर समजा. डॉक्टरांची औषधं परस्पर बंद करायला सांगणाराही तसलाच.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले, ओटीपी चोरला नाही, पैसे तुम्हीच पाठवलेत, मग फसवणूक कसली? बँकेचं तेच. डॉक्टरांच्या नोंदणी संस्थेचं उत्तर, तो डॉक्टरच नाही, म्हणून आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे डॉक्टर नसणं हेच त्याचं संरक्षण! पोलिसांना हे सांगितलं, तर ते पुन्हा त्याच संस्थेकडे बोट दाखवतात. वर एका साहेबांनी हसत विचारलं, “डोक्याची ट्रीटमेंट चालू आहे का?” तक्रार लिहून घ्यायची सोडून!

जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११, म्हणजे आजारांची अधिकृत यादी, नेटवर फुकट वाचता येतं. त्यात या आजाराचा क्रमांक ६बी४३ (6B43) शोधा, पैसे भरण्याआधी. उपचार म्हणजे मुख्यतः समुपदेशन, पण समुपदेशकाची पदवी आणि नोंदणी आधी मागा, चिडला तर उठा. जीव नकोसा वाटत असेल तर ‘आपोआप ओसरेल’ म्हणत थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. रिपोर्ट आता ६९९.