राणीच्या कानावरचा ओरखडा

आमच्या आजीच्या पेटीत 7 जुने रुपये आहेत. 4 राणी छाप कलदार, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे इंग्रजी रुपये, आणि 3 हाली, म्हणजे निजामाचे चारमिनारवाले. निजामाच्या राज्यात आपल्याकडे मराठवाड्यात दोन्ही ओळखीचे. दर लक्ष्मीपूजनाला चिंचेनं घासून पाटावर मांडतो. त्यामुळे जुना रुपया आपल्याला कळतो, अशी माझी पक्की समजूत होती.

2024चा जून. पेरणी तोंडावर, तुरीचे पैसे हातात, चांदी किलोला 90,000 च्या आसपास. लेकीच्या लग्नासाठी थोडी चांदी धरून ठेवावी, असं मनात होतं. सेलूच्या आठवडी बाजारात एक माणूस भेटला. म्हणाला, "मामा, वाड्याची भिंत पाडताना हंडा निघाला. राणी छाप रुपयांचे 100 नग आहेत, 800 ला एक. पण कुणापाशी बोलू नका बरं, सगळं सरकारजमा होईल."

1862 चा राणी छाप रुपया 11.66 ग्रॅमचा, 91.7 टंचाचा (शंभरात 91.7 भाग चांदी). म्हणजे निव्वळ चांदी 10.69 ग्रॅम, त्या दिवशीच्या भावानं साडेनऊशेच्या वर. मोडीपेक्षाही कमी भावात कोणी का देईल, हा हिशेब मला येत होता. मी तो केलासुद्धा, आणि नफा दिसला म्हणून खूश झालो.

त्यानं लाल दोऱ्याची पिशवी पुढं केली. "तुमच्या हातानं काढा." मी तळातून 3 रुपये काढले, आमच्या सोनारकाकांकडे नेले. त्यांनी कसोटीवर घासून पाहिले. अस्सल. दुसऱ्या दिवशी रात्री मोंढ्यामागं मोटारसायकलच्या उजेडात 80,000 मोजून दिले आणि तशीच लाल दोऱ्याची पिशवी घेतली. वरचे दहा-बारा रुपये पाहिले, चुंबक लावलं. चिकटलं नाही. चांदीला चुंबक लागत नाही हे खरं, पण जर्मन सिल्व्हरलाही (नावातच चांदी, आत तांबं, जस्त आणि निकेल) लागत नाही, हे मला कुठं माहीत!

घरी आल्यावर रुपये सतरंजीवर ओतले. बायको एकेक उचलून बघत होती. ती म्हणाली, "अहो, ह्या सगळ्यांवर राणीच्या कानाशी एकसारखाच ओरखडा कसा?" माझे हातपाय गार पडले. वापरातल्या नाण्याची झीज प्रत्येकाची वेगळी असते. एकाच अस्सल रुपयावरून साचा काढून ओतले, की त्याचा ओरखडाही सगळ्यांवर उतरतो. 100 पैकी 88 तसे निघाले.

वजन बरोबर होतं, साडेअकरा ग्रॅम. सोनारकाकांनी 10 अस्सल आणि 10 खोटे यांच्या शेजारी-शेजारी चळती लावल्या. खोट्यांची चळत चांगली चार मिलिमीटर उंच. हलक्या धातूत तेवढंच वजन भरायचं तर जाडी वाढवावी लागते. ही परीक्षा घरी कुणालाही करता येते, फक्त ताडून बघायला खात्रीचे रुपये हवेत आणि सगळे एकाच जातीचे हवेत. हाली मुळातच हलका, 11.18 ग्रॅमचा आणि 81.8 टंचाचा. आणि 1940 ते 1945 च्या राजा छाप रुपयात चांदी निम्मीच, तो राणी छापच्या भावात घेऊ नका.

चूक मी पुढं केली, ती जास्त मोठी. 8 दिवस पोलिसांत गेलो नाही. 1878 च्या कायद्यानं 10 रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि मी तर ते चोरून विकत घेतलं होतं. हंड्याची गोष्ट त्यानं त्यासाठीच सांगितली होती. कुठलाही हंडा निघाला नव्हता. पण माझं तोंड त्यानं आधीच बांधून टाकलं. तक्रार दिली तोवर त्याचा फोन बंद झाला होता.

दिवाळीत मानवतचे एक पाहुणे घरी आले. लाजत लाजत त्यांनी खिशातून एक रुपया काढला, "हा जरा बघता का?" मी आतून माझा एक आणला आणि दोन्ही पाटावर ठेवले. कानाशी तोच ओरखडा होता.