वेगनियंत्रण आणि ओव्हरशूट: नुसते प्रपोर्शनल की पीआय?

विद्युत वाहनासाठी क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारी यंत्रणा, तयार करताना नुसत्या प्रपोर्शनल (त्या क्षणीच्या तुटीच्या प्रमाणात चालणाऱ्या) नियंत्रणावर भागवावे की इंटिग्रलची, म्हणजे वेळेनुसार साचत जाणाऱ्या तुटीच्या बेरजेची, जोड देऊन पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) करावे, हे आधी ठरवावे लागते. ओव्हरशूट, म्हणजे वेग अपेक्षित पातळी ओलांडून मग मागे येणे, एवढाच निकष लावला तर प्रपोर्शनलचे पारडे जड वाटते. पण त्याची किंमत मोठी आहे.

1000 किलोची गाडी घ्या आणि दर मीटर प्रति सेकंद वेगामागे 50 न्यूटन विरोध धरा. प्रपोर्शनल नियंत्रणात मोटरची ओढ वेगातल्या तुटीच्या पटीत असते; ही पट म्हणजे गेन, दर मीटर प्रति सेकंद तुटीमागे किती न्यूटन ओढ. तूट संपली की ओढही संपते, म्हणून गाडी ठरवलेल्या वेगाच्या अलीकडेच स्थिरावते. ताशी 90 किलोमीटर ठरवले असता 450 च्या गेनला ती सपाट रस्त्यावरही 81 वर अडते आणि 4 टक्के चढावर ताशी आणखी सुमारे 2.8 किलोमीटर गमावते. गेन 950 केला तर सपाटीवर वेग 85.5 होतो.

मग गेन वाढवतच का नेऊ नये? मोटर तत्क्षणी प्रतिसाद देत असती, तर या गणितात ओव्हरशूट झालाच नसता. प्रत्यक्षात ओढ निर्माण व्हायला वेळ लागतो. त्यासाठी अर्ध्या सेकंदाचा कालस्थिरांक (ओढ मागणीच्या सुमारे 63 टक्क्यांपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ) धरला, तर 450 वर ओव्हरशूट नसतो, 950 वर तो वेगातील बदलाच्या सुमारे 4 टक्के होतो आणि 1950 वर 15 टक्क्यांवर जातो. एवढे करूनही तूट उरतेच.

पीआयमध्ये 950 च्या जोडीला इंटिग्रल गेन 47.5 ठेवला, तर ओव्हरशूट तेवढाच, सुमारे 4 टक्के राहतो आणि सपाटीवरची तूट पूर्ण भरून निघते. मात्र चढावर घटलेला वेग सावकाश सावरतो; वीसेक सेकंदांनंतरही सुमारे एक तृतीयांश घट शिल्लक असते. ही दिरंगाई खटकते म्हणून इंटिग्रल फार वाढवला की ओव्हरशूट परततो. घाटात मोटर पूर्ण ताकदीवर असताना इंटिग्रलमध्ये तूट साचत राहते आणि माथा ओलांडताच गाडी उसळून पुढे जाते. म्हणून मोटर मर्यादेला टेकताच इंटिग्रलची ही बेरीज थांबवणे अत्यावश्यक आहे.

रस्त्यावरच्या वाहनासाठी मी बेरीज थांबवण्याची ही सोय असलेला पीआयच निवडेन. नुसते प्रपोर्शनल तिथेच घ्यावे, जिथे वेगात ताशी काही किलोमीटरची तूट चालते. दोन्हींत प्रपोर्शनल गेन रिकाम्या गाडीवर ठरवावा, कारण वजन कमी असताना त्याच गेनला ओव्हरशूट अधिक होतो.