आठ महिने पायथनचे सराव-प्रश्न सोडवल्यावर

आधी माझी ओळख सांगते, म्हणजे माझं मत कितपत धरायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी नाशिकची, बी.कॉम. झालेली, नऊ वर्षं एका खासगी ऑफिसात हिशेब लिहिते. टॅली आणि एक्सेल डोळे मिटून जमतं. प्रोग्रामिंगचा मात्र गंध नव्हता. डेटा ॲनालिटिक्सचा संध्याकाळचा क्लास लावला आणि तिथून १६० सराव-प्रश्नांची एक पीडीएफ हातात पडली. क्लासचं नाव सांगत नाही. सोबतीला कॅगल या डेटा शिकायच्या संकेतस्थळावरचे दोन मोफत कोर्स केले, एक पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचा, एक पांडाजचा, म्हणजे पायथनमध्ये तक्ते हाताळायच्या साधनाचा. शेवटचे तीन महिने माझे मीच प्रश्न तयार करून सोडवते आहे. तर हा अनुभव तिन्हींचा. रोज रात्री जेवणं उरकल्यावर साडेनऊ ते अकरा, आणि रविवारी दुपारी झोप आली नाही तर.

पीडीएफपासून सुरू करते, कारण राग तिच्यावरच जास्त आहे.

पहिले चाळीसेक प्रश्न चांदण्यांचे, म्हणजे * हे चिन्ह छापून स्क्रीनवर आकृती काढायचे. चांदण्यांचा त्रिकोण, उलटा त्रिकोण, पतंग. मग पॅलिंड्रोम, आर्मस्ट्राँग नंबर, फिबोनाची असली ठरावीक कोडी. आठ महिन्यांत ऑफिसच्या एकाही फाइलनं माझ्याकडे चांदण्यांचा पतंग मागितलेला नाही. खरं सांगायचं तर फायदा अगदीच झाला नाही असं नाही. एक ते दहा अशी रेंज लिहिली की पायथन नऊवरच थांबतो, हे डोक्यात नाही तर बोटांत बसावं लागतं, आणि ते या त्रिकोणांनीच बसवलं. पण त्याला दहा प्रश्न पुरले असते. हिशेबाच्या माणसाला लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करवून घेणं, शिकवायचा तर बिलांची यादी द्या, त्यातली थकलेली बिलं वेगळी काढायला सांगा. तेही लूपच आहे.

दुसरं म्हणजे पीडीएफ जुनी. काही उत्तरांत प्रिंटला कंसच नाहीत, म्हणजे ती पायथन २ या जुन्या आवृत्तीची. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० लाच संपला. पुढच्या भागात डेटाफ्रेमला, म्हणजे पांडाजमधल्या तक्त्याला, ओळ जोडायला अपेंड ही आज्ञा वापरलीय, आणि ते पांडाजच्या २.० आवृत्तीत, एप्रिल २०२३ मध्ये, काढूनच टाकलं. मी दोन रात्री माझीच चूक शोधत बसले होते. नवख्या माणसाला पुस्तक चुकीचं असू शकतं हे सुचतच नाही हो. क्लासमध्ये विचारलं तर ‘कॉनकॅट वापरा’ एवढंच उत्तर. पीडीएफ अजून तशीच वाटतात.

कॅगलचा पायथन कोर्स सात धड्यांचा आहे, पांडाजचा सहा. प्रत्येक धड्यामागे सराव, तो ब्राउझरमध्येच सोडवायचा, काही उतरवून घ्यावं लागत नाही. माझ्या चार जीबीच्या लॅपटॉपला हे मानवलं. उत्तर लिहिलं की तपासणीची ओळ चालवायची, चूक असेल तर इशारा मागता येतो, अगदीच अडलं तर उत्तरही. पहिल्याच धड्यात तीन मित्रांमध्ये गोळ्या वाटायच्या आणि उरलेल्या चिरडायच्या असा प्रश्न आहे. पुढच्या धड्यात तो फंक्शन, म्हणजे नाव देऊन पुन्हा वापरता येणारा कोड, होऊन परत येतो. भागाकारातली बाकी शिकवायला याहून सोपं उदाहरण मला सुचलं नसतं. पांडाजचे बरेचसे प्रश्न वाइनच्या परीक्षणांवर आहेत, १,२९,९७१ ओळींची फाइल. मी नाशिकची असून मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही, पण एक्सेलमध्ये धापा टाकणारी फाइल इथे दोन ओळींत देशावार गटांत पडते, हे बघून पहिल्यांदा वाटलं की हे शिकायलाच हवं.

एक सवय मात्र मला लागली, ती तुम्हाला लागू नये म्हणून सांगते. तिसऱ्या आठवड्यापासून मी पाच मिनिटांत उत्तर उघडायला लागले. वाचलं की वाटायचं, हे मला येतच होतं. नंतर चॅटबॉटला विचारून तेच केलं. मग एक दिवस ऑफिसमधल्या नव्या मुलानं माझ्याच कोडमधली एक ओळ बोटानं दाखवून विचारलं, ‘ताई, हे काय करतं?’ आणि मला सांगता येईना. तेव्हापासून वहीत आधी मराठीत लिहिते: काय मागितलंय, हातात काय आहे, कोणत्या पायऱ्या. कोड त्यानंतर. वेळ दुप्पट लागतो. पण लागू दे.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. या सगळ्या सराव-प्रश्नांत चूक झाली की कोणीतरी ओरडतं. इंडेंट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, चुकला, ओरड. ‘५’ आणि ५ यांची बेरीज केली, ओरड. दोन अटींमध्ये साधा ‘अँड’ घातला की पांडाज हटकून ओरडतो, तिथे & हे चिन्ह लागतं आणि प्रत्येक अटीला कंस. सुरुवातीला या लाल ओळींची भीती वाटते, महिनाभरात त्या मैत्रिणी होतात. पण कामाच्या डेटात बहुतेक चुका गप्प असतात. कोड चालतो, आकडा येतो, आकडा चुकीचा असतो. आम्हा कॉमर्सवाल्यांना हे पहिल्या वर्षीच सांगतात: तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाजूंचा ताळा, जुळली म्हणून वही बरोबर असं नाही, रक्कम भलत्याच खात्यावर टाकली तरी तेरीज जुळते. सराव-प्रश्नांमधला तो ‘बरोबर’ हा शेरा म्हणजे नुसती जुळलेली तेरीज.

पीडीएफमधलंच उदाहरण घ्या. टायटॅनिकची प्रसिद्ध फाइल, ८९१ प्रवासी, त्यातल्या १७७ जणांचं वय नोंदलेलं नाही. प्रश्न म्हणतो, रिकाम्या जागी सरासरी वय भरा. एका ओळीचं काम, भरलं, पुढे गेले. कितीतरी दिवसांनी सहज आलेख काढला तर मधोमध एक मनोरा उभा. दर पाचांत जवळपास एक माणूस एकाच वयाचा झाला होता, तेही २९.७ वर्षांचा. प्रश्न सोडवताना हे दिसावं अशी सोयच नव्हती, कारण आलेखाचा धडा बारा प्रकरणं पुढे होता.

दुसरा धक्का राउंडचा, म्हणजे अपूर्णांक जवळच्या पूर्ण आकड्यावर नेणाऱ्या आज्ञेचा. २.५ ला राउंड केलं तर पायथनचं उत्तर येतं २. ३.५ ला ४. मला वाटलं लॅपटॉप बिघडला. नेमका अर्धा उरला की तो जवळच्या सम संख्येकडे जातो, आणि ती चूक नाही, मुद्दाम ठेवलेली रीत आहे. सारखं वरच ढकलत गेलं तर मोठ्या बेरजा फुगतात, म्हणून. पण वस्तू व सेवा कर कायद्यात ५० पैसे किंवा जास्त असले की वरचा रुपया धरायचा असतो. म्हणजे करहिशेबात राउंड डोळे झाकून वापरलं तर एखादा रुपया इकडे-तिकडे होणार, आणि तो कुठे गेला हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाणार. डेसिमल नावाचं मॉड्यूल आहे, त्यात ‘अर्धा वर’ असं सांगता येतं. १६० प्रश्नांत त्याचा उल्लेख नाही.

मराठी मजकुराची गंमत वेगळीच. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर पायथन ५ सांगतो, कारण तो काना आणि वेलांटीही वेगळी मोजतो. शब्द उलटा करायचा प्रश्न मराठीत करून बघा, सुरुवातीलाच एक अनाथ वेलांटी लटकलेली दिसेल. उलट एक सुखद धक्का: देवनागरी ‘१२३’ अवतरणात घालून इंटला, म्हणजे मजकुराची संख्या करणाऱ्या आज्ञेला, दिलं तर तो निमूट एकशे तेवीस करून देतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, उगाच करून पाहिलं. मराठी नावांची सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता, एक्सेलमध्ये उघडली की अक्षरांचा जो चिवडा होतो, तो जतन करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८-सिग दिलं की थांबतो. मला आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली एकच ओळ निवडायची झाली तर ती हीच.

आता माझे स्वतःचे प्रश्न. माझे मामा निफाड तालुक्यात कांदा करतात, त्यामुळे डेटा घरचाच. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर मिळतात. प्रश्न असा घेतला: ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली आणि ४ मे २०२४ ला उठली, तर लासलगावच्या दरावर बंदीच्या आधी आणि नंतर काय झालं?

सोपा वाटला. पहिल्याच पायरीला तारीख अडली. आपण दिवस आधी लिहितो, पांडाज सांगितल्याशिवाय महिना आधी धरतो. चाचणीपुरत्या १ ते १२ तारखांच्याच ओळी घेतल्या होत्या, म्हणून तेरावा महिना कुठे निघाला नाही आणि एररही आली नाही. ७ डिसेंबर झाला १२ जुलै, ८ डिसेंबर झाला १२ ऑगस्ट. एका पंधरवड्याचे व्यवहार वर्षभर पसरले आणि रेष इतकी सुंदर आली की मी तिचा फोटो काढला. ‘डेफर्स्ट’, म्हणजे दिवस आधी, एवढा एक शब्द राहिला होता.

मग बाजाराचं नाव. ‘लासलगाव’ असलेल्या सगळ्या ओळी घे म्हटलं तर लासलगाव, लासलगाव-निफाड आणि लासलगाव-विंचूर असे तीन बाजार एकत्र आले. मी ते एकच समजून बसले होते.

मग सरासरी. मी दिवसांच्या सर्वसाधारण दरांची सरासरी काढली. समजा एका दिवशी २०,००० क्विंटल आवक आणि दर १,२०० रुपये, दुसऱ्या दिवशी ५०० क्विंटल आणि दर २,०००. साधी सरासरी १,६०० येते. पण बहुतेक माल १,२०० नंच गेलाय, आवकेचं वजन धरलं तर सरासरी १,२२० च्या आसपास. शेतकऱ्याच्या हातात पडलेला पैसा दुसरा आकडा सांगतो. भारित सरासरी मी बारावीत शिकले होते, १६० प्रश्नांत ती एकदाही आली नाही, आणि मीनचं, म्हणजे साध्या सरासरीचं, बटण इतकं हाताशी होतं की आठवलीही नाही.

सगळ्यात मोठा धडा मात्र रिकाम्या तारखांनी दिला. मधले काही दिवस गायब होते. पीडीएफमध्ये शिकवल्याप्रमाणे मी आदल्या दिवसाचा दर पुढे ओढून जागा भरल्या आणि मोठ्या कौतुकानं मामांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवलं.

‘या दिवशी कुठला गं लिलाव झाला?’

‘मामा, तो मी भरलाय. डेटा नव्हता ना.’

‘अगं, अमावास्या होती. लिलाव बंद. आणि हे मधले दिवस बंदी आली म्हणून संप होता. माल घरात सडत होता आमच्या, तू त्याला भाव लावलास होय?’

रविवार, अमावास्या, आंदोलन. तिन्ही रिकाम्या जागा पांडाजला सारख्याच दिसतात. त्या रात्री सगळा भरलेला भाग काढून टाकला आणि आलेखात तिथे रेष तुटू दिली. दिसायला वाईट, पण मामा आता त्यावर बोट ठेवत नाहीत.

कोणी काय घ्यावं? एक्सेल येत असेल आणि प्रोग्रामिंग नवं असेल तर कॅगलचे दोन्ही कोर्स आधी करा, दीड-दोन महिन्यांत होतात, इंग्रजी बेताचं असलं तरी चालतं. क्लासची पीडीएफ मिळाली तर चांदण्यांचे दहा प्रश्न करून बाकीचे सोडा, याद्या आणि डिक्शनरीचे (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांचे) सगळे करा, आणि उत्तर चालत नसेल तर आधी आवृत्ती बघा. इंजिनिअरिंगची मुलं असतील तर त्यांना हे सगळं बाळबोध वाटेल, पण राउंड आणि तारीख त्यांनीही एकदा करून बघावी. पैसे देऊन नुसते सराव-प्रश्न विकत घेऊ नका. पाचात मार्क द्यायचे तर पीडीएफला दोन, कॅगलला चार. मामांना किती द्यायचे ते ठरायचंय.

सध्या कोथिंबिरीवर अडकले आहे. पणन मंडळाच्या तक्त्यात परिमाण नावाचा रकाना असतो, मी तो आजवर वगळत होते, कारण कांद्याला तो क्विंटलच होता. कोथिंबिरीला काही बाजारांत क्विंटल आहे, काहींत नग. दोन्हींची एकत्र सरासरी काढून मी आठवडाभर नाशिक आणि पुण्याची तुलना करत होते. आता नगाचं क्विंटल करायचं तर एका जुडीचं वजन हवं. आई म्हणते पाव किलो धर, मामा म्हणतात पावसाळ्यातली वेगळी आणि उन्हाळ्यातली वेगळी. या रविवारी बाजारातून पाच जुड्या आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवणार आहे.