रेड लेडी पपईची रोपं, तासगाव रोडवरची नर्सरी
फेब्रुवारीत दीडशे रोपं आणली. गावरान बी होतं तेव्हा एका खड्ड्यात तीन-तीन रोपं लावायची आणि फुलं येईस्तोवर नर कुठला मादी कुठली कळायचंच नाही, मग नर उपटून टाका, तोवरचं खत-पाणी गेलं वाया. ह्या जातीत नर झाडच नसतं, मादी नायतर द्विलिंगी, म्हणून खड्ड्याला एकच रोप. मादीचं फळ गोल, द्विलिंगीचं लांबट, आणि खरं सांगतो लांबटालाच व्यापारी आधी हात घालतो.
मुळं पांढरीशुभ्र, आठ मेली ती मालकांनी न बोलता बदलून दिली, लय बरं वाटलं. फक्त पिशवीवर लॉट नंबर (बी कुठल्या खेपेचं ते सांगणारा) नव्हता, तो मागूनच घ्या. बुंध्याशी पाणी साचू देऊ नका आणि मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला की लगेच औषध फवारा, व्हायरस त्यानं पसरतो.