राजारामपुरीतलं सिम रेसिंग सेंटर: टॅलाडेगाचीच रेस मागा, आणि आठजण मिळून जा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मेन रोडच्या आतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर हे सिम रेसिंग सेंटर सुरू झालंय, आठ सीट आहेत, प्रत्येक सीटला स्टिअरिंग, पेडल आणि समोर तीन स्क्रीन. बहुतेक पोरं येतात, फॉर्म्युला वनची गाडी घेतात, मोनॅको लावतात, दोन लॅपमध्ये भिंतीला घासतात, व्हिडिओ काढतात आणि जातात. तुम्ही जाणार असाल तर तसं करू नका. काउंटरवर स्पष्ट सांगा की नॅसकारची, म्हणजे अमेरिकेतल्या त्या प्रसिद्ध रेसिंग मालिकेतली, स्टॉक कार पाहिजे, ट्रॅक टॅलाडेगा पाहिजे आणि आठही सीट एकाच रेसमध्ये पाहिजेत. हा सगळा रिव्ह्यू मी त्या एका रेससाठी लिहितेय, कारण ती रेस सेंटर चालवणारे दादा ज्या पद्धतीनं खेळवतात ना तसं मी दुसरीकडं कुठं बघितलेलं नाही, आणि लोकांना माहीतच नाही म्हणून ती कुणी मागत नाही.

आमचा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतला ग्रुप आहे, मी क्वालिटीला आहे, बाकी पॅटर्न शॉप, मोल्डिंग, डिस्पॅच असे सगळे मिक्स. जायच्या आधी सगळ्यांचं एकच, की त्यात काय, नुसतं डावीकडं वळवत गोल गोल फिरायचं, वळण नाही ब्रेक नाही. टीव्हीवर दोन मिनिटं बघितलं की तसंच वाटतं हे खरं आहे. पण टॅलाडेगा हा अलाबामातला ट्रॅक, १९६९ साली सुरू झालेला, एक लॅप २.६६ मैलांची म्हणजे सव्वाचार किलोमीटरच्या थोडी वर, आणि वळणावर रस्ता ३३ अंशांत तिरका. हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही. स्क्रीनवर पहिल्यांदा त्या वळणात शिरलात की समोर रस्ता दिसायच्या ऐवजी डांबराची भिंत उभी राहिलेली दिसते, आणि त्या भिंतीवर ताशी ३०० किलोमीटरनं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चढायचं असतं. पाय आपोआप वर येतो. दादा मागनं ओरडतात, "पाय काढू नका ताई, गाडी धरतीया, विश्वास ठेवा!" आणि खरंच धरते.

आता मुख्य गोष्ट. मोटरसायकलवर हायवेला मोठ्या ट्रकच्या मागं गेलं की वारा लागायचा बंद होतो आणि गाडी हलकी झाल्यासारखी पळते, हे आपल्याकडं सगळ्यांनी अनुभवलंय. इथं तेच आहे, पण एक पाऊल पुढं. मागच्या गाडीला तर फायदा होतोच, पुढच्या गाडीलाही होतो, कारण एकट्या गाडीच्या पाठीमागं जी हवेची पोकळी तयार होऊन तिला मागं ओढत असते ती दुसरी गाडी चिकटली की कमी होते. म्हणजे दोन गाड्या एकामागं एक लागल्या की दोघी मिळून एकटीपेक्षा जास्त पळतात. याला ड्राफ्टिंग म्हणतात आणि टॅलाडेगा, फ्लोरिडातला डेटोना असल्या सुपरस्पीडवेवरची, म्हणजे लांब, तिरक्या वळणांच्या ट्रॅकवरची, अख्खी रेस यावरच चालते. तुमची गाडी कितीही भारी असू दे, एकटे पडलात की संपलात, घोळका तुम्हाला मागं टाकून निघून जातो.

आणि घोळका का होतो तर इंजिनची ताकद मुद्दाम कमी केलेली असते. यामागं एक मोठी घटना आहे. १९८७ मध्ये नॅसकार ड्रायव्हर बिल एलियटनं टॅलाडेगाला क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे रेसच्या आधी सुरुवातीचे नंबर ठरवायच्या लॅपमध्ये, ताशी २१२.८०९ मैलांचा वेग काढला, म्हणजे ३४२ किलोमीटरच्या वर, तो रेकॉर्ड अजून तसाच आहे. त्याच वीकेंडच्या रेसमध्ये बॉबी ॲलिसनची गाडी टायर फुटून हवेत उडाली आणि प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर जाऊन आदळली, जाळी फाटली, बघणारे लोक जखमी झाले. ती रेस पुढं जिंकली कुणी तर त्याच्याच पोरानं, डेव्ही ॲलिसननं, आणि तो त्याचा पहिला विजय. बापाची गाडी आरशात अशी उडताना बघितल्यावर त्या पोरानं उरलेली रेस कशी चालवली असेल याचा विचार केला की माझ्या अजून अंगावर काटा येतो. १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगाला इंजिनात जाणारी हवा कमी करणारी प्लेट बसवायला लागली, आता प्लेटच्या जागी टेपर्ड स्पेसर असतो पण काम तेच. हल्लीच्या नेक्स्ट जेन गाडीला बाकीच्या बऱ्याच ट्रॅकवर ६७० हॉर्सपॉवर मिळते तिथं सुपरस्पीडवेला ५१० च्या आसपास. मग होतं काय, सगळ्यांचा पाय फुल्ल, सगळ्यांचा वेग सारखा, कुणी कुणाला सोडून जाऊ शकत नाही, आणि चाळीस गाड्या दोन-दोन तीन-तीनच्या रांगा करून एकमेकांना जवळजवळ चिकटून लॅपमागं लॅप मारतात. मधल्या एकाचा हात हलला की पंधरा-वीस गाड्या एकदम आदळून जातात, तिकडं त्याला बिग वन म्हणतात.

हे सगळं मला आधी वाचून माहीत होतं, पण हाताला कळलं ते या सेंटरमध्ये. कारण दादा डायरेक्ट रेस लावत नाहीत. आधी एकट्यानं थोड्या लॅप मारायला लावतात आणि वेग वहीत लिहून ठेवतात. मग दोघं दोघं जोडीनं सोडतात आणि परत वेग लिहितात. तो फरक बघितल्यावर आमच्या डिस्पॅचच्या पोराचा चेहरा बघण्यासारखा होता, तो जो गोल गोल म्हणून चेष्टा करत होता तोच नंतर मला म्हणाला मॅडम माझ्या मागं चिकटा ना. मग आठजण, आणि उरलेल्या गाड्या कॉम्प्युटरच्या भरून मोठा घोळका.

आणि स्पॉटर! खऱ्या रेसमध्ये प्रत्येक टीमचा एक माणूस वरती छतावर उभा असतो, त्याला सगळा ट्रॅक दिसतो आणि तो रेडिओवर ड्रायव्हरला सांगत राहतो की शेजारी कोण आहे, खाली कोण शिरलंय, मोकळं कधी झालं. ड्रायव्हरला स्वतःला मान वळवता येत नाही, सीटला आणि हेल्मेटला सगळं बांधलेलं असतं. २००१ च्या डेटोना ५०० मध्ये, म्हणजे नॅसकारच्या सगळ्यात मोठ्या रेसमध्ये, शेवटच्या लॅपला डेल अर्नहार्ट हा नावाजलेला ड्रायव्हर अपघातात गेला, त्यानंतर त्याच वर्षी हान्ससारखं डोकं-मान धरून ठेवणारं उपकरण नॅसकारनं सक्तीचं केलं. तर सॉफ्टवेअरमध्ये इंग्लिश बोलणारा स्पॉटर असतोच, पण नवीन माणसाला तेवढ्या गडबडीत ते इंग्लिश डोक्यात शिरत नाही, म्हणून दादा स्वतः हेडसेट घालून तुमच्या मागं उभे राहतात आणि कोल्हापुरीत स्पॉटिंग करतात. "खाली हाय... खाली हाय... अजून हाय, येऊ नका... दारापाशी आला... मोकळं! या खाली या!" मी काय सांगू, दोन लॅपमध्ये माझी नजर आरशातून सुटून पुढं गेली. हा माणूस सांगेल तसं करायचं एवढंच उरलं. आमच्या मोल्डिंगच्या साहेबांना, ज्यांना आम्ही कामावर घाबरून असतो, त्यांना पण दादा त्याच टोनमध्ये, "साहेब धरा धरा धरा, हलू नका!" आणि साहेब मुकाट धरून.

आमची रेस ३० लॅपची लावलेली, टाकीत पेट्रोल मुद्दाम कमी, म्हणजे एकदा पिटला, पेट्रोल भरायच्या जागेला, यायलाच लागतं. हे फार चांगलं केलंय, कारण पेट्रोल वाचवायला घोळक्यात लपून अर्ध्या पायावर चालवायचं की पुढं राहायचं हा हिशोब हल्ली खऱ्या सुपरस्पीडवे रेसमध्ये पण मोठा झालाय. पिटमधून एकटं बाहेर पडलं की घोळका सापडत नाही, म्हणून चौघं एकदम आत एकदम बाहेर असं ठरवावं लागतं, आणि ठरवायचं कुणाबरोबर तर ज्याला शेवटी हरवायचंय त्याच्याबरोबरच. मला या रेसचं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. जी ट्रेनी मुलगी आमच्याकडं नवीन आहे, कामावर तोंड उघडत नाही, तिला साहेबांनी मागनं ढकलत ढकलत चौदाव्या नंबरवरून चौथ्याला आणलं. ढकलायचं पण शास्त्र आहे, सरळ रस्त्यावर बंपर बरोबर मधोमध लागला तर पुढचा सुटतो, वळणात किंवा जरा कोपऱ्यावर लागला की पुढची गाडी फिरलीच. आणि जास्त वेळ चिकटून राहिलात की तुमच्या गाडीच्या पुढच्या जाळीला हवा मिळत नाही, पाण्याचं टेंपरेचर चढतं. चार-पाच लॅप राहिल्या असताना पॅटर्न शॉपच्या एकानं नेमकं वळणात ढकललं आणि अर्धा घोळका गेला, साहेब पण गेले. सेंटरमध्ये जो आरडाओरडा झाला तो शाहू स्टेडियमवर शेवटच्या मिनिटाला गोल झाल्यावर होतो तसला.

शेवटच्या लॅपला आमच्याबरोबर आलेला माझा धाकटा भाऊ ट्रॅकच्या आतल्या कडेच्या डबल पिवळ्या रेषेच्या खाली उतरून पुढं गेला, तिथून ओव्हरटेक करायला बंदी असते. दादांनी जागेवर नंबर कापला. तो भांडायला लागला तर दादांनी शांतपणे सांगितलं की २००८ ला याच टॅलाडेगात रीगन स्मिथ फिनिश लाइनला पहिला होता, पण रेषेखालून ओव्हरटेक केला म्हणून विजय टोनी स्टुअर्टला दिला. असं सगळं ज्ञान असलेला माणूस पाच-पन्नास रुपयांच्या हिशोबात न अडकता मन लावून सेंटर चालवतोय याचं मला फार कौतुक वाटलं. फिनिश लाइन इथं नेहमीसारखी स्टँडच्या मधोमध नाही, पुढं पहिल्या वळणाकडं सरकलेली आहे, त्यामुळं आता जिंकलो असं वाटल्यावर पण मागच्याला तुम्हाला गाठायला जागा उरते. आमच्यात ट्रेनी मुलगी तिथंच साहेबांच्या ग्रुपमधल्या शेवटच्या माणसाला गाठून जिंकली. २०१६ ची डेटोना ५०० डेनी हॅमलिननं ०.०१० सेकंदानं जिंकली होती, असल्या रेसमध्ये तसं का होतं ते आता कळतंय.

फाउंड्रीवाल्यांसाठी एक वेगळं सांगते. नॅसकारच्या कप, म्हणजे सगळ्यात वरच्या मालिकेच्या, गाडीचं इंजिन अजूनही ३५८ क्युबिक इंचाचं, म्हणजे ५.८७ लिटरचं पुशरॉड व्ही-८ आहे आणि ब्लॉक कास्ट आयर्नचा. ॲल्युमिनियम नाही, बीडाचा! एवढ्या जगात सगळं बदललं आणि तिथं तासन् तास फुल्ल थ्रॉटलला बीडाचा ब्लॉक टिकतोय हे ऐकून आमचे साहेब दहा मिनिटं वॉल थिकनेसवरच बोलत होते. सेंटरमध्ये स्पीकर चांगले आहेत आणि सीटखाली हादरे देणारं मशीन आहे, त्यामुळं त्या व्ही-८ चा आवाज पाठीच्या कण्यात जाणवतो.

आता जे कमी आहे ते. स्टिअरिंगचा जोर फार हलका ठेवलाय, बहुतेक लहान पोरांसाठी, पण त्यामुळं शेजारच्या गाडीची हवा लागून गाडी हलते ते हाताला कमी कळतं, मोठ्या माणसांसाठी दादांनी तो वाढवून द्यावा, मागितल्यावर देतात पण मागावं लागतं. तीन नंबरच्या सीटची रेल अडकलीय, उंची कमी असलेल्याला पेडल पोचत नाही, आमच्या ट्रेनीच्या पाठीमागं उशी लावावी लागली. हेडसेटचे कव्हर बदलायला झालेत. एसी एकच आहे आणि आठ मशीन चालू झाल्या की खोली तापते, एप्रिल-मेमध्ये दुपारी जाऊ नका. माणशी ५०० रुपये, पाऊण तास, त्यात शिकवणं आणि रेस बसत नाही, आमची रेस संपेपर्यंत दादांनी जास्तीचा वेळ धरला नाही पण गर्दीच्या दिवशी ते जमणार नाही, म्हणून नॅसकारसाठी दीड तासाचं वेगळं पॅकेज करावं ही माझी मनापासून मागणी.

कार्टिंगला जाणारे विचारतील की मोहिते रेसिंगचा खरा ट्रॅक कोल्हापुरात असताना स्क्रीनसमोर कशाला बसायचं. दोन्ही करा. कार्टमध्ये अंगावर जोर येतो, ब्रेक कुठं मारायचा, लाइन कशी धरायची हे तिथंच कळणार, खुर्चीवर ते कधीच कळणार नाही. पण ३३ अंशांचं वळण आणि चाळीस गाड्यांची हवा आपल्याला भारतात कुठंच मिळणार नाही. आणि सेंटरवर जे सॉफ्टवेअर आहे, आयरेसिंग, त्यात खरे ट्रॅक लेझर स्कॅन करून घेतलेत. नॅसकार ड्रायव्हर विल्यम बायरननं खऱ्या गाडीत बसायच्या आधी घरी यावरच शिकून घेतलं, आणि २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ डेटोना ५०० जिंकली. त्यामुळं याला नुसता खेळ म्हणू नका.

शनिवार-रविवार संध्याकाळी आठ सीट एकत्र मिळत नाहीत, आठवड्यात सातनंतर फोन करून जा, गाडी मेन रोडला लावून चालत या कारण गल्लीत जागा नाही. आणि दादा, तुम्ही हे वाचत असाल तर एक करा. फेब्रुवारीत डेटोना ५०० आपल्याकडं रविवारी मध्यरात्रीनंतर सुरू होते, कामावर जाणारे जागत नाहीत. सोमवारी संध्याकाळी तिथल्या मोठ्या स्क्रीनवर ती पूर्ण लावा आणि शेजारी उभं राहून आम्हाला समजावून सांगा, आमच्याकडनं वीस माणसं नक्की येतील, तिकीट लावलं तरी येतील.