कोर्ट मार्किंगची टेप: आम्ही थ्री पॉइंट लाइन मागे सरकवून बघितली

टेप पांढरी, ५ सेंमी रुंद, ३३ मीटरचा रोल. पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते पुढे येईलच.

कशासाठी घेतली ते आधी सांगते. आमच्या संध्याकाळच्या ग्रुपमध्ये कित्येक महिने एकच वाद चालू होता, बास्केटबॉल म्हणजे आता नुसता लांबून थ्री (थ्री पॉइंट लाइनच्या बाहेरून मारायचा तीन पॉइंटचा शॉट) मारायचा खेळ झालाय का, आणि झाला असेल तर नियम बदलून त्याला आळा घालता येईल का. एनबीएत (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) १९७९-८० ला थ्री पॉइंट लाइन आली तेव्हा एक टीम एका मॅचमध्ये थ्रीचे सरासरी ३ प्रयत्न पण करत नव्हती, २०२४-२५ मध्ये तोच आकडा ३७ च्या वर गेला, आणि बोस्टन सेल्टिक्स या टीमने तर त्या सीझनला टू (लाइनच्या आतून दोन पॉइंटचा शॉट) पेक्षा थ्रीचे प्रयत्न जास्त केले. हिशोब सरळ आहे हो. थ्री साधारण ३६ टक्के जातो, म्हणजे प्रत्येक शॉटमागे १.०८ पॉइंट. तेवढेच पॉइंट टू मधून काढायचे तर ५४ टक्के शॉट जायला पाहिजेत, आणि मिड रेंजवरून, म्हणजे रिंग आणि लाइनच्या मधून, ५४ टक्के कोण मारतंय? म्हणून तो शॉटच शिकवणं बंद झालं. मी स्वतः मुलींना शिकवते, नवीन आलेली मुलगी पहिल्या दिवशी लाइनच्या बाहेर जाऊन उभी राहते आणि दोन्ही हातांनी ढकलून बॉल फेकते, रिंगखालचा लेअप (अगदी जवळून टाकायचा साधा शॉट) पण अजून बसलेला नसतो. हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

तर नुसतं बोलत बसण्यापेक्षा लाइन बदलून खेळूनच बघू असं ठरलं. कोर्टवर पेंट मारायची परवानगी मिळणार नव्हती, म्हणून ही टेप.

आता टेपबद्दल. सरळ रेषेला एकदम मस्त, एका ओढीत बसते आणि कडा उचलत नाहीत. रुंदी ५ सेंमी हीच फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना) लाइनची पण रुंदी, त्यामुळे दिसायला अगदी खऱ्या कोर्टसारखी दिसते. गोलाईला मात्र जपून. आम्ही रिंगच्या मधोमध ओळंबा सोडला, खाली जमिनीवर खूण केली (ती खूण बेसलाइनच्या, म्हणजे रिंगमागच्या हद्दीच्या रेषेच्या, आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर यायला हवी, आली तर समजा रिंग सरळ आहे), तिथे एकीने दोरी पायाखाली घट्ट दाबून धरली आणि दुसरी खडूने अर्धगोल काढत गेली. दोरी न ताणणारी घ्या, आमची पहिली सुतळी ताणली जात होती आणि एका बाजूला लाइन चार बोटं बाहेर गेली, सगळं पुसून परत काढलं. मग खडूवर टेप लावताना एका दमात ओढली तर आतल्या कडेला चुण्या पडतात, हात हात भर लावत आणि बाहेरची कड थोडी ताणत गेलं की नीट वळते. अंतर नेहमी लाइनच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं, हे बरेच जण विसरतात. ७.२४ मीटरच्या पूर्ण कमानीला, बेसलाइनपर्यंतच्या सरळ तुकड्यांसकट, २६ मीटर टेप लागली, म्हणजे एका बाजूला एक रोल पुरतो.

पहिल्या दिवशी कमान एनबीएसारखी ७.२४ वर नेली आणि कोपऱ्यातली सरळ लाइन फिबाची होती तशीच ठेवली, साइडलाइनपासून ९० सेंमी. मला वाटलं होतं की आता थ्री कमी होतील. झालं भलतंच, सगळ्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या! कारण रिंगसमोरच्या कमानीवरून ७.२४ आणि कोपऱ्यातून ६.६०, पॉइंट मात्र तेवढेच. ६४ सेंमी जवळून तोच माल मिळतोय तर कोण सोडेल. एनबीएतही हेच आहे, वर ७.२४ आणि कोपऱ्यात ६.७०, म्हणून तिथे दोन खेळाडू दोन कोपऱ्यांत खांबासारखे उभे असतात. म्हणजे नुसती कमान मागे न्या म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की कोपरा तसाच ठेवलात तर तुम्ही आजार वाढवताय.

तसं लाइन मागे नेल्याने फरक पडतच नाही असंही नाही. १९९४ मध्ये एनबीएने लाइन सगळीकडे ६.७० वर आणली होती, तीन सीझन ठेवली, आणि १९९७ ला परत मागे नेली तर एका मॅचमध्ये टीममागे थ्रीचे प्रयत्न १६.८ वरून एकदम १२.७ वर आले. पण तो काळ वेगळा, तेव्हाच्या मुलांनी लहानपणापासून लांबून मारायची सवय केलेली नव्हती. एनबीएतल्या स्टीफन करीने २०१५-१६ ला ४०२ थ्री रिंगमध्ये घातले आणि त्यातले कितीतरी लाइनच्या बरेच मागून, त्याला बघून वाढलेल्या पोरांना अर्धा मीटर म्हणजे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी ९० सेंमीवाली सरळ लाइन झाकली आणि ७.२४ ची कमान कोपऱ्यातही तेवढ्याच अंतरावर नेली. इथे खरी मजा आली. कोर्ट १५ मीटर रुंद, म्हणजे रिंगच्या मधापासून साइडलाइन साडेसात मीटर, त्यातून ७.२४ गेले की उरतात २६ सेंमी. माझा बूट त्यात रिंगकडे तोंड करून मावत नाही, टाच साइडलाइनवर जाते नाहीतर चवडा थ्री पॉइंट लाइनवर येतो. म्हणजे एक तर आउट नाहीतर दोनच पॉइंट. आमच्यातली एक जण पाय आडवे ठेवून नुसतं कमरेतून वळून मारायला गेली, बॉल बोर्डच्या मागे गेला, परत कोणी प्रयत्न केला नाही. कोपरा आपोआप बंद!

आणि मग पाच मिनिटांत खेळ बदलला. कोपऱ्यात उभं राहून काही मिळत नाही म्हटल्यावर कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या दोघी हलायला लागल्या, बेसलाइनवरून कट मारून रिंगखाली यायला लागल्या. आमची सगळ्यात उंच मुलगी जी एरवी स्क्रीन लावून (डिफेन्सवालीची वाट अडवून) बाजूला उभी राहायची, तिला रिंगजवळ पोस्टवर बॉल मिळाला, पाठ रिंगकडे, एक खांदा दाखवला, दुसऱ्या बाजूने वळली आणि बोर्डवर ठेवला. एवढ्या दिवसांत तिच्याकडून तो शॉट मी पहिल्यांदा बघितला.

पण एक गोष्ट बिघडली ती पण सांगते. कोपऱ्यात धावत जायची भीती गेली तसा डिफेन्स आत येऊन बसला, ड्राइव्ह मारणारीला (बॉल घेऊन रिंगकडे घुसणारीला) रिंगखाली तीन तीन जणी आडव्या. कोपरा बंद करू नका म्हणणाऱ्यांचा हाच मुद्दा असतो आणि तो खरा आहे. यावर उपाय एनबीएकडे आधीच आहे, डिफेन्सवालीने कोणाला गार्ड न करता ‘की’ मध्ये (रिंगखालचा आखलेला चौकोन) ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, २००१-०२ पासून तो नियम आहे. फिबात नाहीये. आम्ही तो लावला आणि वाट मोकळी झाली. म्हणून माझं मत पक्कं झालंय, कोपरा बंद करा आणि सोबत डिफेन्सचे ३ सेकंद ठेवा, दोन्ही एकत्र. एकटा एक नियम चालणार नाही.

प्रत्येक टीमला ठराविकच थ्री द्यायचे हा पण एक उपाय लोक सुचवतात. तो बिनटेपचा, म्हणून खेळून बघितला. अजिबात आवडला नाही. एकीला सारखं मोजत बसावं लागतं, आणि शेवटच्या मिनिटाला मागे पडलेल्या टीमचे थ्री संपलेले असले की मॅच तिथेच मेली. मागून येऊन जिंकणं हीच तर थ्रीने दिलेली सगळ्यात चांगली गोष्ट, ती काढून घेऊन काय मिळवायचं.

खेळ आहे तसा राहू द्या म्हणणारेही भेटले. त्यांना एवढंच म्हणते की हा खेळ कधीच आहे तसा राहिलेला नाही. १९५० मध्ये एनबीएची एक मॅच १९-१८ ने संपली, बॉल हातात धरून नुसतं उभं राहायचे, मग १९५४ ला २४ सेकंदांचं घड्याळ आलं, तेवढ्या वेळात शॉट मारायलाच हवा. जॉर्ज मायकन या उंच खेळाडूला रिंगखाली कोणी अडवू शकत नव्हतं तर १९५१ ला ‘की’ ६ फुटांवरून १२ फूट रुंद केली, तसाच उंच विल्ट चेंबरलेनच्या काळात १९६४ ला १६ फूट केली. उंच माणसाचा जोर जास्त झाला तेव्हा लाइन सरकली, मग आता शूटरचा जोर झालाय तर का सरकू नये?

आता कापलेला स्टार. टेप दहा दिवस राहिली, उन्हाच्या बाजूची काढताना चिकट गोंद खाली राहिला आणि त्यावर धूळ बसून काळा पट्टा दिसायला लागला. हेअर ड्रायरने गरम करत करत हळू ओढली तर स्वच्छ निघते, पण २६ मीटर तसं करायला अख्खी सकाळ गेली. सावलीत किंवा लाकडी कोर्टवर हा त्रास कमी होईल असं वाटतं. लावायच्या आधी झाडून, ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळू द्या, धुळीवर लावलेला तुकडा पहिल्याच पिव्होटला (एका पायावर वळताना) बुटाबरोबर वर येतो.

दुसऱ्या बाजूच्या रिंगखालची कमान मी काढायला घेतली तेव्हा ती उंच मुलगी येऊन म्हणाली, ताई ही राहू दे ना. राहू दिली आहे. अजून एक रोल मागवलाय, यावेळी ७.६० वर काढणार, म्हणजे कमान बेसलाइनच्या २.८० मीटर अलीकडेच साइडलाइनला जाऊन मिळेल आणि ती २६ सेंमीची फट पण राहणार नाही.