नियो-६एम जीपीएस मॉड्यूल: घड्याळ पक्कं, बांधाचा निकाल मात्र यावर लावू नका

तीनशे-चारशे रुपयांच्या आसपास मिळणारं यू-ब्लॉक्स कंपनीचं नियो-६एम मॉड्यूल बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या कॉलेजांतल्या प्रोजेक्टमध्ये हमखास दिसतं. आता ते ट्रॅक्टरवर, उसाच्या गाडीवर, पंपाच्या टायमरलाही लागतंय. गाडी कुठे आहे हे कळायला आणि अचूक वेळ मिळवायला हे मॉड्यूल पैसे वसूल आहे. शेताची हद्द ठरवायला निरुपयोगी आहे. मधल्या सगळ्या कामांना ते चालतं, पण जोडणी नीट हवी.

आधी जोडणी. निळ्या बोर्डावर ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर असतो, त्यामुळे व्हीसीसीला (वीजपुरवठ्याच्या पिनेला) ५ व्होल्ट दिले तरी चालतात. चिपच्या डेटा पिना मात्र ३.३ व्होल्टच्याच. मॉड्यूलची टीएक्स (डेटा पाठवणारी पिन) थेट आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या आरएक्सला (डेटा घेणाऱ्या पिनेला) लावा, उनो ती सहज वाचतो. उलट दिशेला, उनोच्या टीएक्सकडून मॉड्यूलच्या आरएक्सकडे जाताना, मध्ये १ किलोओहमचा रोधक घाला आणि आरएक्स ते ग्राउंड २ किलोओहम. ही जोडी वगळली तरी मॉड्यूल काही दिवस चालतं, म्हणून लोक वगळतात. मग चिप कधीतरी मुकी होते आणि दोष माल विकणाऱ्याला लागतो. बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) ९६००. चौकोनी सिरॅमिक अँटेना (२५ × २५ मिमी) आकाशाकडे तोंड करून, सपाट ठेवायचा. उद्यमबागेतल्या पत्र्याच्या शेडखाली फिक्स (ठिकाणाची निश्चिती) मिळण्याची आशा धरू नका, खानापूरच्या दाट झाडीत पावसाळ्यात तर ओल्या पानांमुळे सिग्नल आणखी गळतो. तिथे बाहेरचा अ‍ॅक्टिव्ह अँटेना आणि लांब वायर हाच इलाज.

डेटाशीट थंड सुरुवातीला (आधीची कुठलीच माहिती जवळ नसताना) २७ सेकंद सांगते. ते मोकळ्या माळावर, चांगला सिग्नल असताना. एका उपग्रहाची कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या चौकटीतून येते, मध्येच सिग्नल तुटला की पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. संपूर्ण अल्मनॅक, म्हणजे सगळ्या उपग्रहांच्या कक्षांची ढोबळ माहिती, यायला साडेबारा मिनिटं. बोर्डावरची छोटी बॅटरी मेलेली असली की दर वेळी शून्यापासून सुरुवात होते.

आता सगळ्यात जास्त घोळ घालणारी गोष्ट. मॉड्यूल १५५१.०००० असा आकडा देतं तेव्हा तो १५.५१ अंश नसतो. १५ अंश आणि ५१.०००० मिनिटं असतात. मिनिटांना ६० ने भागा, १५.८५ येतात, म्हणजे बेळगाव. रेखांशातही तेच: ०७४३०.०००० म्हणजे ७४.५०. दोन्हीकडे नुसता दशांश चिन्ह सरकवलात तर नकाशावरचा ठिपका नैर्ऋत्येला चाळीस किलोमीटरच्या पुढे, गोव्याच्या सीमेवरच्या जंगलात जाऊन पडतो. मग "जीपीएस चुकतंय" अशी तक्रार.

चुकतंही, पण किती ते समजून घ्या. कंपनी सांगते ती अचूकता २.५ मीटर, आणि तिचा अर्थ असा की निम्मे ठिपके त्या वर्तुळाच्या आत, निम्मे बाहेर. दहा गुंठ्यांचा चौरस तुकडा साधारण ३२ मीटर बाजूचा. एका बाजूला अडीच मीटर चूक झाली की ८० चौरस मीटर गेले, म्हणजे पाऊण गुंठ्याहून जास्त. शेजाऱ्याशी बोलणं बंद व्हायला एवढं पुरे. बांधासाठी रीतसर हद्दबस्त मोजणीच करून घ्या. मोजणीदाराकडचा आरटीके रोव्हर स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेतो आणि सेंटिमीटरात बोलतो. त्या यंत्राची आणि या खेळण्याची जातच वेगळी.

वेळेच्या बाबतीत मात्र हे खेळणं दांडगं आहे. पीपीएस पिनेवर दर सेकंदाला एक ठोका येतो, तो ३० नॅनोसेकंदांपर्यंत नेमका. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणून ३० नॅनोसेकंद म्हणजे नऊ मीटर. जीपीएसमध्ये अंतर आणि वेळ ही एकच वस्तू. सुरुवातीची काही मिनिटं दाखवलेल्या वेळेवर विश्वास ठेवू नका: जीपीएसची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे आहे, आणि लीप सेकंदांचा (यूटीसीत अधूनमधून वाढवलेल्या सेकंदांचा) संदेश येईपर्यंत मॉड्यूल जुन्या अंदाजावर चालतं.

या नेमकेपणामागे आइन्स्टाइन आहे. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, सेकंदाला ३.८७ किलोमीटर वेगाने फिरतो. वेगामुळे त्याचं घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. तिथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून ४५ पुढे जातं. निव्वळ ३८ मायक्रोसेकंद पुढे. हे आधीच धरून उपग्रहातलं १०.२३ मेगाहर्ट्झचं घड्याळ जमिनीवरच १०.२२९९९९९९५४३ ला लावतात. १९७७ साली एनटीएस-२ उपग्रह सोडला तेव्हा काही अभियंत्यांना हे खरं वाटत नव्हतं, म्हणून दुरुस्तीचं बटण बंद ठेवून सुमारे वीस दिवस घड्याळ तसंच चालू दिलं. गणित बरोबर निघालं, बटण दाबलं. ३८ मायक्रोसेकंदांना प्रकाशाच्या वेगाने गुणून "दुरुस्ती नसती तर रोज ११ किलोमीटर चूक" असं यूट्यूबवर सांगतात, ते अर्धंच खरं: सगळ्या उपग्रहांना सारखीच असलेली चूक मॉड्यूल स्वतःच्या घड्याळाच्या नावावर टाकून मोकळं होतं. कक्षा थोडी लांबट असल्यामुळे येणारी उरलेली चूक मात्र प्रत्येक उपग्रहाची वेगळी असते. ती काही मीटरांची, आणि ती तुमच्या हातातली चिप दर वेळी मोजून काढते.

घड्याळ बिघडलं की ठिकाण बिघडतं, हे सगळ्यात आधी अमेरिकी लष्कराने वापरून घेतलं. २ मे २००० पर्यंत नागरी सिग्नलमध्ये उपग्रहाचं घड्याळ मुद्दाम डुलवत असत. आपल्यासारख्यांना शंभर मीटरपर्यंत चूक, त्यांना स्वतःला गुप्त कोडमधून बरोबर वेळ. ते डुलवणं बंद झालं, लगाम राहिला. हेच मॉड्यूल ५० किलोमीटर उंचीच्या किंवा सेकंदाला ५०० मीटर वेगाच्या पुढे ठिकाण देत नाही. क्षेपणास्त्रात कुणी घालू नये म्हणून. उसाच्या गाडीला याची झळ लागायचं कारण नाही.

म्हणून "आपलं" नाविक, म्हणजे भारताची स्वतःची उपग्रह-दिशादर्शन यंत्रणा, घ्यावं का? जास्त पैसे देऊन "नाविक" लिहिलेलं एल५ (जीपीएसच्या नेहमीच्या सिग्नलहून वेगळ्या वारंवारतेचं) मॉड्यूल घेण्याआधी हा हिशेब बघा. नाविकचे उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, घड्याळ दिवसाला ४६ मायक्रोसेकंदांहून थोडं जास्त पुढे पळतं, तेही गणित सोपं. गोची घड्याळांचीच झाली. २०१३ मध्ये सोडलेल्या नाविकच्या आयआरएनएसएस-१ए उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडल्याचं इस्रोने जानेवारी २०१७ मध्ये मान्य केलं. पुढे एकेक करत किती गेली, हे ठळकपणे समोर आलं ते २०२५ मध्ये, माहिती अधिकाराच्या उत्तरातून: पाच उपग्रहांवरची सगळी घड्याळं निकामी. त्याच वर्षी जानेवारीत सोडलेला नाविकचा एनव्हीएस-०२ उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. ठिकाण काढायला किमान चार उपग्रह लागतात. नुसत्या नाविकवर भिस्त ठेवणं सध्या शहाणपणाचं नाही. एल५ मॉड्यूल घ्यायला हरकत नाही, पण कारण वेगळं: एल५ चा कोड दहापट वेगाचा, भिंतींवरून परतलेला सिग्नल तो चांगला ओळखतो, आणि जीपीएसचे आणि युरोपच्या गॅलिलिओचे एल५ वरचे उपग्रहही त्यातून मिळतात.

ही घड्याळांची हकीकत आतल्या माणसाने स्वतःहून सांगायचं म्हटलं तर १९२३ चा शासकीय गुपिते कायदा डोक्यावर आहे, आणि जागल्यांना (आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांना) संरक्षण देणारा २०१४ चा कायदा मंजूर होऊन कपाटात. त्यामुळे विकत घेणाऱ्यानेच विचारायचं. डीआरडीओ माहिती अधिकारातून वगळलेल्या संस्थांच्या यादीत आहे, इस्रो नाही. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर दहा रुपये भरून, "अमुक तारखेला प्रत्येक उपग्रहावर चालू असलेल्या अणुघड्याळांची संख्या" एवढंच मागा. "नाविकची सद्यस्थिती" असं ऐसपैस विचारलं की ऐसपैस उत्तर येतं. ३० दिवसांची मुदत. सुरक्षेचं कारण देऊन कलम ८(१)(क) खाली नकार आला तर पहिल्या अपिलात ८(२), म्हणजे जनहिताचा मुद्दा घ्या. कलम ६(१) इंग्रजी, हिंदी आणि त्या भागाची राजभाषा एवढंच मानतं, तेव्हा बेळगावातून मराठीत अर्ज करून वेळ घालवू नका.

विकत घेताना एक तपासणी न चुकता करा, कारण एम८एन (यू-ब्लॉक्सचं नंतरचं मॉड्यूल) म्हणून विकलेल्या बोर्डावर बऱ्याचदा जुनीच चिप निघते. मॉड्यूल यूएसबी-टीटीएल अडॅप्टरने लॅपटॉपला जोडा, यू-सेंटर (यू-ब्लॉक्सचं सॉफ्टवेअर) उघडा आणि ओळी वाचा. खरं एम८एन जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनासही घेतं, म्हणून त्याच्या ओळी "जीएन" ने सुरू होतात. सगळ्या ओळी "जीपी" नेच येत असतील तर पैसे परत मागा. नाविकच्या मॉड्यूलमध्ये "जीआय" ची ओळ दिसली पाहिजे. मोकळ्या आकाशाखाली अर्धा तास ठेवूनही ती दिसली नाही तर पाकिटावरचं "नाविक" पाकिटापुरतंच. तारीख जवळपास वीस वर्षं मागची येत असेल तर १०२४ आठवड्यांचा मोजणीदार उलटलेला आहे आणि फर्मवेअर जुनं आहे. असं मॉड्यूल ठिकाण बरोबर देतं, नोंदी ठेवणारा लॉगर मात्र दिवस चुकवत राहतो.